स्वाइन फ्लूच्या विषाणूची कुळकथा

सन २००९ च्या ऑगस्ट महिन्यात मुंबईच्या उपनगरांनी जे दिवस पाहिले, ते अनेकांच्या स्मरणात अद्याप असतील. ३ ऑगस्ट रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. या साथीतील देशातील तो पहिला बळी होय. पाठोपाठ आठवड्याच्या आतच मुंबईतही मृत्यूची नोंद झाली. महिन्याच्या मध्यास बृहन्मुंबईतील शाळा व महाविद्यालये आठवडाभर आणि चित्रपटगृहे तीन दिवस बंद ठेवण्यात आली. त्याच सुमारास आलेल्या दहीहंडीचा उत्सवही अनेक ठिकाणी आटोपशीर झाला. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड या स्थानकांवर गाडीत चढणाऱ्या प्रवाशांच्या तोंडावर मुखपट्टी, आणि ती न मिळाल्यास घडी घातलेला हातरुमाल, असे दृश्य दिसू लागले. सहार येथील आंतरराष्ट्रीय विमानतळावर परदेशांतून येणाऱ्या प्रवाशांची तपासणी एप्रिलअखेरीपासूनच सुरू झाली होती. परंतु ऑगस्टपर्यंत रोग विमानतळाच्या दाराबाहेर पडून लोकलच्या डब्यात शिरला होता.

त्या दिवसांत सर्वसामान्य माणसास पडलेला प्रश्न अगदी साधा होता. बोरिवलीहून चर्चगेटला किंवा मुलुंडहून छत्रपती शिवाजी टर्मिनसला रोज ये-जा करणाऱ्या नोकरदाराचा डुकराशी संबंध तो काय? त्याने वराहपालन केलेले नसते, वराहमांसही बहुधा खाल्लेले नसते. मग डुकराचा रोग त्यास जडला कसा? या प्रश्नाचे उत्तर रुग्णाच्या लक्षणांत सापडत नाही. ताप, खोकला, घसादुखी व अंगदुखी ही लक्षणे कोणत्याही इन्फ्लुएंझात सारखीच असतात. उत्तर सापडते ते विषाणूच्या जनुकांत.

आठ खंडांचा विषाणू

मनुष्याच्या पेशीतील आनुवंशिक मजकूर डीएनए या द्रव्यात साठविलेला असतो व तो सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे. इन्फ्लुएंझा ‘ए’ विषाणूचा मजकूर आरएनए या द्रव्यात असून त्याची लांबी अवघी साडेतेरा हजार अक्षरांच्या आसपास भरते. येथे अक्षरे म्हणजे चार प्रकारचे रासायनिक घटक होत. त्यांच्या क्रमावरून विषाणूची प्रथिने ठरतात. हा मजकूर सलग एका धाग्यावर नसतो. तो आठ वेगवेगळ्या खंडांत विभागलेला असतो, आणि या विषाणूचे बहुतेक सारे उपद्व्याप या एका गोष्टीतून निघतात.

आठ खंडांपैकी दोन विशेष महत्त्वाचे आहेत. एकावर हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचा मजकूर असतो. विषाणूच्या पृष्ठभागावर असलेले हे प्रथिन श्वसनमार्गातील पेशीला चिकटते व आत प्रवेश मिळवून देते. दुसऱ्यावर न्यूरामिनिडेस या प्रथिनाचा मजकूर असतो. पेशीत तयार झालेले नवे विषाणू सुटे करून बाहेर सोडणे हे त्याचे काम. या दोन प्रथिनांच्या प्रकारांना क्रमांक दिलेले आहेत व त्यांवरूनच एच१एन१, एच३एन२ अशी नावे पडली आहेत. मात्र हे नाव म्हणजे आठांपैकी दोनच खंडांची ओळख होय. उरलेल्या सहा खंडांविषयी ते काहीच सांगत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

विषाणूत बदल दोन वाटांनी होतात. पहिली वाट सावकाशीची. आरएनएची नक्कल करताना चुका होतात आणि त्या तपासून दुरुस्त करणारी यंत्रणा या विषाणूजवळ नाही. त्यामुळे एखाद-दुसरे अक्षर सतत बदलत राहते. यास उत्परिवर्तन म्हणतात. दुसरी वाट एकदम मोठी उडी घेणारी आहे. एकाच पेशीत दोन निरनिराळ्या जातींचे इन्फ्लुएंझा विषाणू एकाच वेळी शिरले, तर नवे विषाणू बांधले जाताना काही खंड एकाचे व काही दुसऱ्याचे अशी सरमिसळ होऊ शकते. मुंबईकरांस परिचित असे उदाहरण द्यावयाचे तर, कांदिवलीच्या कारशेडमध्ये दोन गाड्या शेजारी उभ्या असाव्यात, त्यांचे डबे सुटे करून पुन्हा जोडले जावेत आणि बाहेर पडणाऱ्या गाडीत काही डबे या गाडीचे व काही त्या गाडीचे असावेत, तसा हा प्रकार होय. फलकावरील नाव तेच राहील, डबे मात्र भलतेच असतील.

डुकराचे शरीर हे अशा कारशेडसारखे ठरले आहे. पक्ष्यांचे इन्फ्लुएंझा विषाणू पेशीवरील ज्या रेणूंना धरतात आणि माणसांचे विषाणू ज्यांना धरतात, ते दोन्ही प्रकारचे रेणू डुकराच्या श्वसनमार्गात आढळतात. त्यामुळे दोन्हीकडच्या विषाणूंना तेथे मुक्काम करता येतो.

कोणता खंड कोठला

सन २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दोन मुलांच्या नमुन्यांतून हा नवा विषाणू प्रथम ओळखला गेला. मेक्सिकोत तो त्यापूर्वीच पसरू लागला होता. काही आठवड्यांतच त्याच्या आठही खंडांचे क्रमवाचन, म्हणजे अक्षरन् अक्षर क्रमाने वाचण्याचे काम, पूर्ण झाले व शास्त्रज्ञांनी प्रत्येक खंडाचे कूळ शोधले. हाती आलेला वंशवृक्ष विलक्षण होता.

हिमॅग्लुटिनिनचा खंड आणि आणखी दोन खंड उत्तर अमेरिकेतील डुकरांच्या जुन्या, ‘अभिजात’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विषाणूकडून आले होते. दोन खंड मुळात पक्ष्यांचे होते. एक खंड माणसांतील एच३एन२ विषाणूचा होता. हे सहा खंड १९९८ च्या सुमारास उत्तर अमेरिकेतील डुकरांत एकत्र आलेले असल्याचे ठाऊक होते. उरलेले दोन खंड, म्हणजे न्यूरामिनिडेसचा आणि ‘एम’ या नावाने ओळखला जाणारा खंड, युरोप-आशियातील डुकरांच्या विषाणूचे निघाले. त्या विषाणूचा पूर्वज १९७९ च्या सुमारास पक्ष्यांतून युरोपातील डुकरांत शिरला होता. तात्पर्य, अंधेरीतील रुग्णाच्या घशात सापडलेल्या विषाणूत पक्षी, मनुष्य आणि दोन खंडांतील डुकरे या साऱ्यांचा वारसा होता. मेक्सिकोतील वराहांच्या नमुन्यांवर पुढे झालेल्या अभ्यासातून, २०१६ मध्ये, ही अखेरची जुळणी त्या देशाच्या मध्य-पश्चिम भागातील डुकरांत झाली असावी असे दिसून आले.

या वंशवृक्षाची सर्वांत जुनी फांदी तर मुंबईच्याही इतिहासास स्पर्श करते. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझाची जी साथ शहरात शिरली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात जिने देशभर हाहाकार माजविला, त्या साथीचा विषाणूही एच१एन१ च होता. भारतात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे दगावली. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड ही गावे तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडत. मुंबई उपनगर जिल्हा प्रथम निर्माण झाला तो १९२० मध्ये. त्याच काळात अमेरिकेतील डुकरांतही तसाच रोग पसरला. डुकरांचा हा विषाणू रिचर्ड शोप यांनी १९३० मध्ये वेगळा केला. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रयोगशाळेत हाती लागला तो त्यानंतर, १९३३ मध्ये.

पुढे माणसांतील एच१एन१ झपाट्याने बदलत गेला आणि १९५७ मध्ये तो दिसेनासा झाला (१९७७ मध्ये तो पुन्हा अवतरला, पण ती वेगळी हकीकत). डुकरांतील भावंडाचे हिमॅग्लुटिनिन मात्र फारसे बदलले नाही. ते जणू कोठारात राखून ठेवल्यासारखे राहिले व २००९ मध्ये पुन्हा माणसांत आले. इन्फ्लुएंझाने सामान्यतः वृद्ध माणसे अधिक दगावतात. या साथीत मात्र जगभर तरुण व मध्यमवयीन रुग्ण अधिक प्रमाणात गंभीर झाले, त्याचा उलगडा यावरून होतो. १९५७ पूर्वी जन्मलेल्या अनेकांच्या रक्तात जुन्या विषाणूशी झालेल्या गाठीची प्रतिकारशक्ती शिल्लक होती. नातवंडांजवळ ती नव्हती.

जनुकवाचनाचा एक लाभ तर तात्काळ हाती आला. युरोप-आशियातील डुकरांकडून आलेल्या ‘एम’ खंडात एक जुने उत्परिवर्तन होते. या खंडावरील एका प्रथिनाच्या ३१ व्या स्थानी सेरीनऐवजी ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल होते, आणि एवढ्याने अमँटाडीन हे इन्फ्लुएंझावरील जुने औषध निरुपयोगी ठरत होते. न्यूरामिनिडेसचा खंड मात्र ऑसेल्टामिव्हिर या औषधास दाद देणारा होता. एकाही रुग्णावर वाया जाणारे औषध वापरून न पाहता, केवळ मजकूर वाचून, कोणते औषध साठवावे व कोणते नाही हे शासनांस ठरविता आले.

पुण्यातील तेरा नमुने

भारतातील पहिला रुग्ण १६ मे २००९ रोजी हैदराबाद येथे निश्चित झाला. तो परदेशांतून आलेला प्रवासी होता. प्रारंभी देशात या रोगाचे निदान पुणे व दिल्ली येथील दोनच राष्ट्रीय संस्थांत होत असे. साथ वाढल्यावर मुंबईत परळ येथील हाफकिन संस्थेसह इतर प्रयोगशाळांनाही हे काम देण्यात आले. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र या नावाने स्थापन झाली व १९७८ पासून सध्याच्या नावाने ओळखली जाते. देशातील या विषाणूच्या जनुकीय अभ्यासाचा पहिला विस्तृत वृत्तांत याच संस्थेतून २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

मे ते सप्टेंबर २००९ या काळात प्रमुख शहरांतील रुग्णांपासून मिळालेल्या १३ विषाणूंचा हा अभ्यास होता. त्यांपैकी सहांचे सर्व आठ खंड वाचण्यात आले व उरलेल्या सातांचा हिमॅग्लुटिनिनचा खंड. त्यांची तुलना जगभरातील ६८५ विषाणूंच्या संपूर्ण मजकुराशी करण्यात आली. मे महिन्यातील पहिला विषाणू जागतिक वंशवृक्षाच्या पाचव्या शाखेचा होता. त्यानंतरचे बहुतेक सातव्या शाखेचे व काही सहाव्या शाखेचे निघाले. शाखा एकाहून अधिक होत्या याचा अर्थ असा की, विषाणू देशात एकदाच येऊन पसरला असे नसून तो निरनिराळ्या प्रवाशांबरोबर अनेकवार आला असावा. सहारसारख्या विमानतळावर केवळ ताप असलेल्या प्रवाशास अडवून साथ का रोखता येत नाही, हे यावरून समजते. लागण होऊन ताप न आलेला प्रवासी कोणत्याच तपासणीत सापडत नाही.

या सर्व विषाणूंचे न्यूरामिनिडेस ऑसेल्टामिव्हिरला दाद देणारेच होते. त्याच्या २७५ व्या स्थानी हिस्टिडीन कायम होते. तेथे टायरोसीन आल्यास औषध लागू पडत नाही. हा दिलासा देणारा निष्कर्ष होता. दुसरा निष्कर्ष विचारात टाकणारा होता. मृत रुग्णांपासून मिळालेल्या आठ विषाणूंपैकी दोहोंत हिमॅग्लुटिनिनच्या २२२ व्या स्थानी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसीन आढळले. या बदलामुळे विषाणूस घशापेक्षा फुप्फुसाच्या खोल भागातील पेशी धरणे सोपे जाते, असे मानले जाते. त्याच वर्षी नॉर्वेतही गंभीर रुग्णांत हाच बदल दिसून आला होता.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हा बदल रुग्ण दगावण्याचे कारण होता, की दीर्घ आजारात फुप्फुसात खोलवर वाढता वाढता विषाणूत तो घडून आला, हे आठांपैकी दोन या आकड्यावरून ठरविता येत नाही. पुण्याच्या संशोधकांनीही अधिक अभ्यासाची आवश्यकता असल्याचेच नमूद केले. शिवाय साथीच्या काळातील शासकीय मार्गदर्शनानुसार सौम्य आजाराच्या रुग्णांची तपासणी करावयाची नव्हती. तपासणी मुख्यतः गंभीर रुग्णांची होत असे. उपचाराच्या दृष्टीने हे योग्यच होते. परंतु अशा वेळी प्रयोगशाळेत पोहोचणारे विषाणू हे समाजात फिरणाऱ्या विषाणूंचे यथार्थ प्रतिनिधी नसतात. घाटकोपरच्या चाळीत चार दिवस तापून बऱ्या झालेल्या दहा जणांचे विषाणू त्यांच्याबरोबरच नाहीसे होतात.

२०१५ चा वाद

थोड्या नमुन्यांवर मोठे अनुमान बांधल्यास काय होते, याचा प्रत्यय २०१५ मध्ये आला. त्या वर्षी देशात या रोगाचे ४२,५९२ रुग्ण व २,९९० मृत्यू नोंदले गेले. साथीच्या पहिल्या वर्षी, २००९ मध्ये, नोंदलेल्या मृत्यूंची संख्या ९८१ होती, हे लक्षात घेता विषाणू अधिक घातक झाला काय अशी शंका येणे स्वाभाविक होते. मार्चमध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील दोन संशोधकांनी भारतातील २०१४ च्या एका विषाणूच्या मजकुरावरून त्यात चिंताजनक उत्परिवर्तने असल्याचे प्रसिद्ध केले. पुण्याच्या संस्थेने व केंद्रीय आरोग्य विभागाने ते अमान्य केले. विषाणूत लक्षणीय बदल झालेला नाही असे त्यांचे म्हणणे होते.

वादाचा एक भाग तर निव्वळ क्रमांकांचा होता. अमेरिकेतील संशोधकांनी ज्यास २२५ वे स्थान म्हटले, तेच पुण्याच्या २०१० च्या वृत्तांतातील २२२ वे स्थान होते. एच१ आणि एच३ यांची अमिनो आम्ले मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, एवढाच त्यातील भेद. वृत्तपत्रांत मात्र नवेच काही सापडल्यासारखा बोभाटा झाला. मूळ अडचण निराळी होती. त्याआधीच्या दोन वर्षांत भारतातून सार्वजनिक संग्रहात जमा झालेले हिमॅग्लुटिनिनचे मजकूर अवघे दोन होते, आणि देशात अधिक नमुन्यांचे वाचन व्हावे ही त्या संशोधकांची सूचना रास्तच होती. विषाणू हळूहळू बदलत होता, हेही पुढे दिसून आले. २००९ पासून लसीत वापरात असलेला कॅलिफोर्नियाचा विषाणू बदलून त्याजागी मिशिगन येथील २०१५ चा विषाणू घ्यावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०१६ मध्ये केली. हा निर्णयही जगभरच्या नमुन्यांच्या अभ्यासावरच आधारलेला होता.

खरा वराह-विषाणू कोणता?

‘स्वाइन फ्लू’ या एकाच नावाने दोन भिन्न गोष्टी संबोधिल्या जातात व त्यामुळे मोठा गोंधळ होतो. जागतिक साथ संपल्याचे १० ऑगस्ट २०१० रोजी जाहीर झाले. तेव्हापासून २००९ चा विषाणू माणसांतील नेहमीच्या हंगामी इन्फ्लुएंझांपैकी एक झाला आहे. पावसाळ्यात उपनगरांतील रुग्णालयांत ज्यास स्वाइन फ्लू म्हणतात, तो हाच. तो माणसाकडून माणसाकडे पसरतो. डुकरांशी त्याचा संबंध पूर्वजांपुरता उरला आहे, आणि नीट शिजविलेले वराहमांस खाल्ल्याने तो होत नाही. इजिप्तमध्ये २००९ साली लक्षावधी डुकरे मारण्यात आली. त्याने साथीला किंचितही पायबंद बसला नाही, गरीब पशुपालकांचा चरितार्थ मात्र गेला. उलट माणसांनीच डुकरांना हा रोग दिल्याची उदाहरणे आहेत. कॅनडात मे २००९ मध्ये एका कळपात असे आढळले आणि भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील डुकरांतून हा विषाणू वेगळा केला.

दुसरी गोष्ट म्हणजे डुकरांत फिरणारा विषाणू प्रत्यक्ष माणसात येणे. असे क्वचित घडते, व तशा विषाणूच्या नावापुढे ‘व्ही’ हे अक्षर जोडतात. १९७६ मध्ये अमेरिकेतील फोर्ट डिक्स या लष्करी तळावर असा विषाणू दोनशेहून अधिक जवानांत पसरला, एकाचा मृत्यू झाला आणि १९१८ ची पुनरावृत्ती होणार या धास्तीने चार कोटींहून अधिक नागरिकांना लस टोचण्यात आली. साथ आलीच नाही. काही लोकांत लसीनंतर लुळेपणाचा विकार दिसून आल्याने मोहीम थांबवावी लागली. विषाणूचे आठही खंड वाचण्याची सोय तेव्हा नव्हती. २०१२ मध्ये अमेरिकेतील कृषी-प्रदर्शनांत डुकरे हाताळणाऱ्या मुलांसह तीनशेहून अधिक जणांना एच३एन२ व्ही ची लागण झाली. त्या विषाणूत २००९ च्या विषाणूचा ‘एम’ खंड येऊन बसलेला होता. म्हणजे माणसांतून डुकरांत गेलेल्या विषाणूचा एक डबा नव्या गाडीस जोडला जाऊन परत आला होता.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये एच१एन२ व्ही चा तेथील पहिला मानवी रुग्ण आढळला. आजार सौम्य होता व रुग्ण बरा झाला. नेहमीच्या श्वसनविकार सर्वेक्षणात, साध्या दवाखान्यातून आलेल्या नमुन्याचे क्रमवाचन झाले म्हणून तो कळला, अन्यथा कळलाही नसता. लक्षणांवरून हंगामी फ्लू व वराहांचा फ्लू यांत भेद करणे कोणत्याही डॉक्टरास शक्य नाही.

डुकरांकडे झालेले दुर्लक्ष किती महाग पडते, हे २००९ च्या वंशवृक्षातच दिसते. त्या विषाणूचे खंड नजीकच्या ज्ञात पूर्वजांपासून सुमारे दहा वर्षे वा अधिक काळ दूर गेलेले होते. एवढी वर्षे तो डुकरांत फिरत होता आणि कोणी त्याचा नमुना घेतला नव्हता. ग्रामीण भागात मोकाट डुकरांविषयीच्या तक्रारी पंचायतीपुढे नित्य येतात, पण त्या शेतीच्या नुकसानीच्या किंवा अस्वच्छतेच्या. कळपात एकाएकी खोकला व ताप पसरला, तर ते पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणे हा या सर्वेक्षणाचाच भाग ठरतो.

नमुना घेताना

जनुकवाचनाचे यंत्र कितीही उत्तम असले, तरी त्यात जाणारा नमुना उपनगरातील किंवा तालुक्यातील एखाद्या दवाखान्यातच घेतला जातो. आरएनए हे अत्यंत नाजूक द्रव्य आहे. नमुना आजाराच्या पहिल्या काही दिवसांत, नाक व घसा या दोन्ही ठिकाणांहून घ्यावा लागतो. त्यासाठी लाकडी काडीचा कापसाचा बोळा चालत नाही, कारण लाकूड व कापूस यांतील द्रव्ये तपासणीत अडथळा आणतात. कृत्रिम धाग्याचा बोळा लागतो. तो विषाणू-वाहक द्रवाच्या नळीत घालून, तिहेरी वेष्टनात व २ ते ८ अंश सेल्सिअस तपमानात प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. तीन दिवसांहून अधिक विलंब होणार असल्यास उणे ७० अंशांची शीतपेटी हवी. दुपारभर टेबलावर राहिलेल्या नळीतून ‘रोग नाही’ असा अहवाल येऊ शकतो व तो चूक असू शकतो. रुग्णाचे वय, आजार सुरू झाल्याचा दिनांक व प्रवासाची माहिती फॉर्मवर न भरल्यास वाचलेला मजकूर वंशवृक्षात नेमका कोठे बसवावा हे कळत नाही.

नेहमीची पीसीआर चाचणी विषाणूच्या ठराविक तुकड्यांचा पडताळा घेते व रुग्णास हा आजार आहे की नाही एवढे सांगते. संपूर्ण क्रमवाचन हे त्यापुढचे काम. मुंबई महानगरपालिकेच्या चिंचपोकळी येथील कस्तुरबा रुग्णालयात २०२१ मध्ये क्रमवाचनाची प्रयोगशाळा सुरू झाली. तिचे निमित्त कोरोना विषाणूचे होते, परंतु या पद्धतीने इन्फ्लुएंझाचे आठही खंड तितक्याच सहजपणे वाचता येतात.

अशा रीतीने वाचलेला विषाणू जागतिक संग्रहात जमा होतो, तेव्हा त्यास ठराविक पद्धतीचे नाव मिळते. प्रथम ‘ए’ हा प्रकार, मग स्थळ, त्यानंतर प्रयोगशाळेतील क्रमांक आणि अखेर वर्ष. विषाणू प्राण्यापासून मिळालेला असल्यास स्थळाच्या आधी त्या प्राण्याचे नाव येते. माणसापासून मिळालेला असल्यास ती जागा रिकामी राहते. रुग्णाचे नाव त्यात कोठेही नसते. मुलुंडच्या एखाद्या रुग्णाने घशातून काढू दिलेला नमुना संग्रहात ‘ए/मुंबई’ अशा नावाने, एक क्रमांक व एक वर्ष घेऊन राहतो, आणि पुढील लस ठरविताना तो मिशिगन किंवा कॅलिफोर्नियाच्या नमुन्यांशेजारी ठेवून वाचता येतो.